डिसेंबरची सहल, जुलैची नदी: भूगोलाच्या क्षेत्रभेटीत व्हिडिओ कसा वापरावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, गोकाक भागातल्या महाविद्यालयांच्या क्षेत्रभेटी बहुतेक डिसेंबर-जानेवारीत निघतात. परीक्षा आटोपलेल्या असतात, रस्ते कोरडे असतात, पालकही हो म्हणतात. अडचण एवढीच, की नदी आपलं खरं काम जुलै-ऑगस्टमध्ये करते. डिसेंबरात गोकाकच्या धबधब्यापाशी उभं राहिलं तर खडक दिसतो, पाणी दिसत नाही. जुलैत पाणी दिसतं, खडक दिसत नाही. खडकाच्या सांध्यांमधून पाणी कसं शिरतं, कडा मागे कशी सरकते, हे समजायला दोन्ही लागतं, आणि कोणतीही एक सहल ते दाखवू शकत नाही.

व्हिडिओचा खरा उपयोग इथे आहे. बसमधली गाणी आणि पाण्यात उभं राहून काढलेला ग्रुप फोटो याला क्षेत्रभेटीचं चित्रण म्हणू नये. खाली दिलेली पद्धत ३० विद्यार्थ्यांची तुकडी, साधे अँड्रॉइड फोन आणि बेतासबात खर्च एवढं धरून लिहिली आहे.

आधी प्रश्न, मग जागा

प्रत्येक ठिकाणासाठी एकच प्रश्न लिहून काढा. तो एका ओळीत मावला नाही तर क्लिपही मावणार नाही. बेळगावच्या आसपास दिवसभरात होण्यासारखे तीन विषय असे आहेत:

कणकुंबीचा जलविभाजक. मलप्रभा इथे उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कूडलसंगमाला कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. इथून जवळच्याच रानातलं म्हादईचं पाणी गोव्यातून अरबी समुद्रात उतरतं. प्रश्न: हा विभाजक जमिनीवर डोळ्यांना दिसतो का? बहुतेकांना वाटतं तिथे उंच डोंगराची धार असेल. ती तशी नसते, आणि क्लिपमध्ये नेमकं तेच यायला हवं.

गोकाक. घटप्रभा इथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. खडक कलादगी गटातला वालुकाश्म-क्वार्टझाइट, बेळगाव शहराखालच्या बेसाल्टपेक्षा कितीतरी जुना. प्रश्न: कडा सरळ तुटलेली का आहे, झिजून गोल का नाही?

कणकुंबी ते गोकाक हा छेद. सव्वाशे किलोमीटरच्या आत पाऊस अनेक पटींनी कमी होतो, आणि माती, पीक, घराचं छप्पर सगळं त्याच्याबरोबर बदलतं. याच्यासाठी व्हिडिओसारखं दुसरं साधन नाही, पण ते शिस्तीत करावं लागतं. पद्धत पुढे दिली आहे.

टोपोशीट (सर्वेक्षण खात्याचे स्थलदर्शक नकाशे) काढताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. बेळगाव, खानापूर, कणकुंबी ४८ आय या गटात येतात, तर १६ अंश अक्षवृत्त ओलांडलं की गोकाक ४७ एल मध्ये जातं. एकाच गटाचे नकाशे घेऊन निघालात तर दुपारनंतर विद्यार्थ्यांच्या हातात नकाशा असेल आणि त्यावर आपण नसू.

सामान

पाच जणांचा एक गट. ३० विद्यार्थी म्हणजे सहा गट. प्रत्येक गटाला:

- एक फोन, किमान १० जीबी मोकळी जागा असलेला
- तिपाई (सव्वा मीटरपर्यंत उंच होणारी, वजनासाठी मधल्या दांड्याला दगड भरलेली पिशवी टांगता यावी)
- कॉलरला लावायचा वायरचा माइक आणि त्यावर केसाळ टोपी
- एक मीटरची पट्टी, १० सेंटीमीटरला एक याप्रमाणे लाल-पांढरे पट्टे रंगवलेली
- पांढऱ्या कागदाचा पुठ्ठा, जाड मार्कर, पॉवर बँक, मऊ कापड

माइक घेताना जॅककडे नीट पाहा. जॅकवर तीन काळ्या रिंगा असतील तरच फोन त्याला माइक म्हणून ओळखतो. दोन रिंगांचा घातला तर फोन मुकाट्याने स्वतःचाच माइक वापरतो, आणि घरी परतल्यावर कळतं की सगळीकडे वाराच वाजतोय. कणकुंबीच्या माळावर बोटांनी झाकलेला माइक काही कामाचा नाही. केसाळ टोपी नसेल तर जुन्या स्वेटरची बाही कापून गुंडाळा, बऱ्यापैकी चालतं.

साठवण: १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम या मापाने एका मिनिटाला साधारण १२५ एमबी जातात. एका गटाने २० मिनिटं चित्रण केलं तर अडीच जीबी, सहा गटांचं १५ जीबी. ४केचा मोह आवरा. फाइल तिप्पट होते, फोन तापतो, आणि वर्गातला प्रोजेक्टर ४के दाखवतच नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून ठेवा. एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि सलग अर्धा तास चालू राहिलेल्या चित्रणाची फाइल त्याच सुमाराला पोहोचते.

जुलैची फेरी

संपूर्ण तुकडी पावसात नेऊ नका. एक शिक्षक आणि दोन विद्यार्थी पुरतात. एका दिवसात दोन ठिकाणं, प्रत्येकी चार मिनिटांचं चित्रण. काम फक्त एवढं, की डिसेंबरात ज्या जागेवरून पाहणार, त्याच जागेवरून, त्याच चौकटीत, पाणी असताना घ्यायचं.

तीच चौकट पुन्हा कशी मिळवायची? खडकावर रंगाची खूण करू नका. ते गैर आहे, आणि पावसात टिकतही नाही. चौकटीच्या डाव्या आणि उजव्या कडेला दोन पक्क्या खुणा निवडा. गोकाकला झुलत्या पुलाचा खांब आणि समोरच्या कड्यातली एखादी ठळक खाच घेता येते. पहिल्या फेरीतली एक स्थिर फ्रेम छापून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. दुसऱ्या फेरीत ती हातात धरून फोनचा पडदा तिच्याशी जुळवा. तिपाईची उंची, होकायंत्राचा अंश आणि अक्षांश-रेखांश वहीत लिहा. फोनची नेहमीची १एक्स भिंगच वापरा. रुंद भिंगाने कडा वाकडी येते, आणि दोन्ही फेऱ्यांची चित्रं एकावर एक बसत नाहीत.

गोकाकला पुलावरून चित्रण करू नका. पूल हलतो, तिपाईही हलते. पावसाळ्यात कड्याजवळचे खडक शेवाळाने निसरडे असतात. कठड्यामागून जेवढं दिसतं तेवढंच पुष्कळ आहे.

आणखी एक. इथल्या पाण्यावर वरच्या हिडकल धरणाचा आणि धुपदाळच्या बंधाऱ्याचा ताबा आहे. म्हणून जुलैच्या क्लिपच्या नोंदीत त्या दिवसाच्या विसर्गाचा (सेकंदाला किती पाणी सोडलं त्याचा) वर्तमानपत्रातला आकडा लिहून ठेवा. तो नसेल तर विद्यार्थी गढूळ लोंढा पाहून ‘नैसर्गिक पूर’ असं लिहून मोकळे होतात.

कोसळतं पाणी फोनला गोंधळात पाडतं. फेस पांढरा, खडक काळा, आणि फोन दोघांच्या मध्ये उजेड सतत वर-खाली करत बसतो. फेसावर बोट दाबून धरा, उजेड आणि फोकस लॉक होतात. मग उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा. खडक थोडा काळसर आला तरी चालेल, कारण जळालेला पांढरा फेस नंतर कशानेही परत येत नाही. भिंगावर तुषार बसतात, ते दर मिनिटाला पुसा. एसी गाडीतून थेट बाहेर आलात तर भिंग धुकटतं. दहा मिनिटं थांबा.

आवाजाचं तिथे काही करायला जाऊ नका. धबधब्याजवळ बोललेलं ऐकू येत नाही. गर्जना ३० सेकंद तशीच घ्या, ती स्वतःच पुरावा आहे. बोलायचं ते दोनशे पावलं मागे येऊन वेगळं रेकॉर्ड करा.

डिसेंबरात शिवारात: पेन्सिल आधी, कॅमेरा नंतर

हा नियम मोडला की बाकी सगळं वाया जातं. जागेवर पोहोचल्यावर पहिली १५ मिनिटं फोन पिशवीत. प्रत्येकाने रेखाटन करायचं, खुणा लिहायच्या. कॅमेरा आधी काढला की डोळे पडद्यावर जातात आणि निरीक्षण ‘घरी बघू’ वर ढकललं जातं. घरी कुणी बघत नाही.

मग चित्रण, या क्रमाने:

१. पुठ्ठ्यावर गट, ठिकाण, तारीख, वेळ आणि प्रश्न लिहून ३ सेकंद कॅमेऱ्यासमोर धरा. फोनवरच्या नकाशात आपली जागा दाखवून आणखी ३ सेकंद. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात सिग्नल भरवशाचा नाही, तेव्हा नकाशा आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून घ्या.

२. फोन विमान मोडवर. चित्रण चालू असताना घरून फोन आला की क्लिप तिथेच तुटते.

३. रुंद दृश्य, २० सेकंद, कॅमेरा स्थिर.

४. गरज असेल तर आडवी फिरकी. ९० अंश फिरवायला १५ ते २० सेकंद लावा. विद्यार्थी हे चार सेकंदांत उरकतात आणि पाहणाऱ्याला घेरी येते. सुरुवातीला व शेवटी ३ सेकंद थांबा.

५. जवळचं दृश्य, पट्टी लावून. पट्टीशिवाय घेतलेला खडक हा मुठीएवढा की घराएवढा, हे कुणालाच सांगता येत नाही.

६. शेवटी बोलणं, ४५ सेकंद. काय दिसतं ते आधी, का तसं आहे ते नंतर. ‘मला वाटतं’ म्हणायला हरकत नाही, फक्त कशावरून वाटतं ते सांगायचं.

जांभ्याच्या खाणीत रंगाकडे लक्ष द्या. फोन पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स) आपोआप बदलत राहतो, आणि एकाच भिंतीतला तांबडा थर एका क्लिपमध्ये विटकरी, दुसऱ्यात शेंदरी दिसतो. वरचं कठीण कवच, खाली ठिपक्यांचा थर, मग चिकट फिकट माती आणि तळाला कुजलेला बेसाल्ट: हा क्रम रंगावरूनच ओळखायचा असतो. म्हणून पुठ्ठा समोर धरून पांढऱ्याचा तोल पक्का करा. फोनमध्ये ती सोय नसेल तर प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला पुठ्ठा चौकटीत ठेवा, म्हणजे नंतर जुळवता येईल.

छेद: एकच चौकट पाच वेळा

कणकुंबी, जांबोटी, बेळगाव, अंकलगी, गोकाक. प्रत्येक ठिकाणी तीनच क्लिपा, प्रत्येकी २० सेकंद: पायाखालची माती (पट्टीसह), समोरचं शिवार, जवळच्या जुन्या घराचं छप्पर. चौथी घ्यायची नाही.

हे पाचही ओळीने लावून पाहिल्यावर वर्गात शांतता होते. कणकुंबीकडची उतरती कौलारू छपरं गोकाककडे जाताना सपाट माळवदं होतात. भाताच्या खाचरांजागी ऊस येतो, मग मका आणि ज्वारी. बेळगावचं शिवार मध्येच आहे. शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या काळ्या जमिनीत भात निघाला की त्याच ओलीवर मसूर उभी राहते, आणि डिसेंबरात ती हिरवीगार दिसते. हे पाहून विद्यार्थी ‘इथे हिवाळ्यात पाऊस पडतो का?’ असं विचारतात. विचारू द्या. उत्तर मातीत आहे, पावसात नाही.

घर चित्रित करण्याआधी दारात विचारा. मराठी घर असेल तर मावशी, काका. कन्नड घर असेल तर अक्का, अण्णा. गटात कन्नड नीट बोलणारा एक तरी हवा. माणूस क्लिपमध्ये बोलणार असेल तर त्याची परवानगी त्याच्याच आवाजात पहिल्या दहा सेकंदांत घ्या: कशासाठी, कुठे दाखवणार, नको असेल तर काढून टाकू. शेतकऱ्याला ‘मृदा’ विचारू नका, ‘जमीन कसली?’ विचारा. तो जो शब्द देईल तोच नोंदवा. आपण ज्याला ओढा म्हणतो त्याला पुढच्या गावात हळ्ळ म्हणतात, आणि टोपोशीटवर तिसरंच काही छापलेलं असतं. तिन्ही लिहा. गावाच्या नावाचंही तसंच: नकाशावरचं नाव आणि लोकांच्या तोंडचं नाव शेजारी शेजारी. वाद घालायची ती जागा नव्हे.

फ्रेम मोजून नदीचा विसर्ग

व्हिडिओ फक्त दाखवतो असं नाही, मोजतोही. डिसेंबरात मार्कंडेयेच्या गुडघाभर पाण्यात हे अर्ध्या तासात होतं. बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेल्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला मात्र करू नका, तिथलं पाणी तुंबलेलं असतं.

सरळ, १० मीटरचा टप्पा निवडा. दोन्ही टोकांना, दोन्ही काठांवर एकेक काठी रोवा, म्हणजे काठ्यांच्या दोन जोड्या. प्रत्येक जोडीच्या रेषेत, एकाच काठावर, एकेक फोन तिपाईवर लावा. पलीकडची काठी अलीकडच्या काठीमागे लपली पाहिजे. एकच फोन मधोमध ठेवून दोन्ही टोकं टिपायचा प्रयत्न हमखास चुकतो: तिरक्या नजरेमुळे पाण्याच्या मध्यातली वस्तू रेषा खरोखर ओलांडण्याच्या आधी किंवा नंतर ओलांडल्यासारखी दिसते.

दोन्ही फोन चालू करा. टप्प्याच्या मध्यावर उभं राहून एकाने जोरात टाळी वाजवायची. दोन्ही क्लिपा जुळवायला हीच खूण. टाळी मध्यावरच का? आवाजाला १० मीटर जायला जवळपास एक फ्रेम लागते. एका टोकाला वाजवलीत तर ती चूक हिशेबात शिरते.

मग वरच्या काठ्यांच्या आणखी तीन-चार मीटर वर संत्रं सोडा. सालीसकट संत्रं जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, वाऱ्याने ढकललं जात नाही आणि लांबून दिसतं. थर्मोकोल नको, तो पाण्याचा नव्हे, वाऱ्याचा वेग सांगतो. पाच वेळा करा. काठाला घासलेलं संत्रं मोजायचं नाही.

घरी शॉटकट या मोफत प्रोग्रॅममध्ये क्लिप उघडा. बाणाच्या बटणाने एकेक फ्रेम पुढे जाते, वेळेतले शेवटचे दोन अंक फ्रेमचे असतात. समजा पहिल्या फोनमध्ये टाळीपासून रेषा ओलांडेपर्यंत ५ सेकंद ८ फ्रेम, दुसऱ्यात १९ सेकंद १५ फ्रेम. फरक १४ सेकंद ७ फ्रेम, म्हणजे १४.२३ सेकंद. १० ला १४.२३ ने भागलं की ०.७० मीटर प्रति सेकंद.

हा पृष्ठभागाचा वेग. तळाशी पाणी हळू चालतं, म्हणून ०.८५ ने गुणा: सुमारे ०.६०. पात्र ६ मीटर रुंद आणि सरासरी खोली ०.३५ मीटर असेल तर पात्राचा आडवा छेद २.१ चौरस मीटर. विसर्ग सेकंदाला १.२५ घनमीटर, म्हणजे साडेबाराशे लिटरच्या आसपास. खोली किमान सहा ठिकाणी मोजा. विद्यार्थी मध्यावर एकदाच मोजतात आणि नदी दुप्पट करून ठेवतात.

इथे एक खोडी आहे. फोन सेकंदाला बरोबर ३० फ्रेम घेतोच असं नाही, उजेड कमी झाला की २४-२५ वरही येतो. तसं असेल तर शॉटकट क्लिप बदलून घ्यायला सुचवतं. हो म्हणा. नाही म्हटलंत तर वेळही चुकते आणि आवाजही ओठांच्या मागे राहतो.

कुठे कॅमेरा काढू नये

बेळगावात कॅम्प भाग, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचा परिसर, आणि सांब्र्याचा विमानतळ व हवाई दलाचं केंद्र: चित्रण नाही, बसच्या खिडकीतूनही नाही. धरणांवर मनाईचे फलक असतात, ते पाळा. कणकुंबीजवळ कळसा कालव्याच्या कामापासून लांब राहा. तो कर्नाटक-गोवा पाणीतंट्याचा विषय आहे, आणि उगमाचा प्रश्न त्याशिवायही शिकवता येतो. भीमगड अभयारण्यात जायचं तर वनखात्याची लेखी परवानगी आधी. ड्रोन असेल तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा कोणत्या रंगात येते ते घरीच पाहा. मुळात पहिल्या दोन वर्षांत ड्रोनच्या मागे लागू नये. उंच टेकडीवरून तिपाईने घेतलेलं दृश्य नव्वद टक्के काम करतं. राजहंसगडावरून बेळगावचं पठार सगळं दिसतं.

परतल्यावर

त्याच रात्री फाइली उतरवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला तर तो दाबला जातो, खडकातल्या भेगा पुसून जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर सरळ पेनड्राइव्ह. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस, ठिकाण, गट, क्लिप क्रमांक या क्रमाने द्या, म्हणजे यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. फाइलच्या नावात देवनागरी टाळा; काही जुने प्रोग्रॅम ती उघडताना अडतात.

प्रत्येक गटाकडून तीन मिनिटांची एकच फिल्म घ्या, संगीताशिवाय. उपशीर्षकं मराठीत किंवा कन्नडमध्ये द्यायची असतील तर एसआरटी फाइल नोटपॅडमध्ये करता येते, पण साठवताना एन्कोडिंगमध्ये (अक्षरसंकेतात) यूटीएफ-८ निवडा. एएनएसआय राहिलं की पडद्यावर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग लागते.

गुण देताना चकचकीतपणाला भुलू नका. २० पैकी ८ गुण पुराव्याला (पट्टी, जागा, वेळ, स्थिर चौकट), ८ दिसलं त्यावरून काढलेल्या कारणाला, ४ रेखाटन आणि फिल्म यांच्यातली तफावत स्वतःहून सांगितल्याबद्दल. हे शेवटचे चार सगळ्यात महाग पडतात. रेखाटनात थर आडवे काढले आणि फिल्ममध्ये ते कललेले दिसतात, असं जो गट कबूल करतो त्याने खरं काम केलेलं असतं.

ज्या विद्यार्थ्यांना येता आलं नाही, म्हणजे पायाने अधू असलेला, घरून परवानगी न मिळालेली, कामावर जाणारा, त्यांना तयार फिल्म दाखवून बसवू नका. त्यांना न कापलेल्या क्लिपा द्या, जुलैच्या आणि डिसेंबरच्या दोन्ही, आणि संत्र्याच्या फ्रेम त्यांच्याकडून मोजून घ्या. गटाने काढलेल्या आकड्याशी तो पडताळून पाहता येतो.

मूळ क्लिपा दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक विभागात, एक ग्रंथालयात. छापलेल्या फ्रेमची पिशवी, होकायंत्राचे अंश आणि तिपाईची उंची लिहिलेली वही त्याच खोक्यात. पुढच्या जुलैत जे तिघं जातील त्यांनी आधी ते खोकं उघडायचं, मग बसस्टँडवर जायचं.